मालेगाव बॉम्बस्फोट खटला (२००८)

नाशिक जिल्ह्यातील मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास भिकू चौकात स्फोट झाला. रमजान संपत आला होता, दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. ६ जण ठार झाले. जखमींचा आकडा सरकार पक्षाने १०१ सांगितला, न्यायालयाने पुढे ९५ धरला. घटनास्थळी एलएमएल फ्रीडम मोटारसायकलचा सांगाडा सापडला आणि सतरा वर्षे खटला त्याच्याभोवतीच फिरत राहिला.

गाडीच्या मालकीचा धागा धरून हेमंत करकरे यांच्या एटीएसने (राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने) साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना अटक केली. पाठोपाठ लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना. कट ‘अभिनव भारत’ संघटनेचा, असा आरोप होता. (सावरकरांच्या जुन्या संघटनेचे हे केवळ नाव घेतलेले, दोहोंची गल्लत नेहमी होते.) मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द दिल्लीच्या राजकारणात रुळला तो अशाच प्रकरणांतून. आरोप सिद्ध होण्याची वाट ना तो वापरणाऱ्यांनी पाहिली, ना ‘सगळे कुभांड’ म्हणणाऱ्यांनी. याच गावातल्या २००६ च्या स्फोटांत आधी मुस्लिम तरुण पकडले गेले होते. २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले.

२०११ मध्ये तपास एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, गेला. या यंत्रणेने २०१६ च्या पुरवणी आरोपपत्रात ठाकूर यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले आणि मोक्काही वगळला. न्यायालयाने तरीही यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवला. ठाकूर त्यादरम्यान, २०१९ मध्ये, भोपाळमधून खासदार झाल्या. काही जबाबांच्या मूळ प्रती गहाळ झाल्या, ३२३ साक्षीदारांपैकी तीसहून अधिक फितूर झाले.

३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्या मोटारसायकलमध्येच होता हे झाले नाही. चासी क्रमांक पूर्ण मिळालाच नव्हता, त्यामुळे गाडी ठाकूर यांचीच हेही ठरेना. यूएपीएखालची मंजुरी सदोष निघाली. मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. निकालाविरुद्ध पीडितांचे काही नातेवाईक उच्च न्यायालयात गेले.