बाळाशी बोलणे

जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाशी घरातली माणसे रोजची कामे करता करता जे बोलतात, ते त्याच्या भाषेचे पहिले आणि सर्वांत मोठे शिक्षण असते. न्हाऊ घालताना, भरवताना, मटार सोलताना, जिना उतरताना हे शिक्षण चालू असते. मुलाकडे बघत बोलणारे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबणारे एक माणूस एवढीच त्याची गरज.

बाळ जन्माआधीच ऐकू लागते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो आणि जन्मल्यावर काही दिवसांतच ते तो परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखते. त आणि ट यांची गोष्ट तर मराठी माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले हे दोन उच्चार ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता; दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. घरात जे कानावर पडते ते कान धरून ठेवतो, जे पडत नाही ते वर्षाच्या आत सोडू लागतो. म्हणून ‘त्याला अजून काय कळतंय’ म्हणून गप्प राहणे चूक आहे.

मराठीत तान्ह्यांसाठी शब्दांचे एक वेगळे गाठोडेच आहे: मंमं, दुदू, जोजो, भूर, बाऊ, भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतल्या या बोलीवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या ज्या सहा भाषांमधली अशी बोली तपासली त्यांत मराठी होती. ओठांनी सहज निघणारे प, ब, म आणि एकाच अक्षराची द्विरुक्ती ही तिची खूण. अशा बोलण्याने मूल बोबडेच राहील, ही भीती अनेक घरांत असते. ती धरण्याचे कारण नाही. हे शब्द मुले आपणहून टाकून देतात. मात्र बोलणे तिथेच थांबू नये. ‘बाऊ झाला? कुठे लागलं? गुडघ्याला लागलं होय!’ असे म्हटले की त्या एका शब्दाभोवती पुरी मराठी येते.

व्याकरणही असेच येते. चमचा पडला, वाटी पडली, ताट पडलं: ही तीन लिंगे मुलाला कोणी समजावून देत नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘वाटी पडला’ म्हणते. ‘असं नाही म्हणायचं’ म्हटले की ते गप्प होते. ‘हो गं, वाटी पडली! सगळं दूध सांडलं, आता काय करायचं?’ म्हटले की चूक सुधारलेली कानावर पडते आणि बोलायची पाळी पुन्हा मुलाकडे जाते. ‘आपण भूर जाऊ’ आणि ‘आम्ही बाजारात जातो, तू आजीजवळ थांब’ यांतला आपण-आम्हीचा फरकही मूल दारातच शिकते, कधीकधी रडत.

बोलण्याची ही आळीपाळी महत्त्वाची, शब्दांची संख्या त्यामानाने कमी महत्त्वाची. अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांवरच्या १९९५ सालच्या एका अभ्यासावरून गरीब घरांतली मुले कोट्यवधी शब्द कमी ऐकतात असा बोलबाला झाला. पुढे त्या मोजणीवर गंभीर आक्षेप आले. पाहुण्यांसमोर ‘हे काय? ते काय? सांग बघू’ अशी परीक्षा घेणे हा संवाद नव्हे. पडद्याचेही तेच. २००३ सालच्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी समोर बसून बारा वेळा चिनी भाषेत बोलले, तेव्हा त्यांना त्या भाषेचे उच्चार ओळखू येऊ लागले; तेच ध्वनिचित्रफितीवर दाखवलेल्या बाळांना काही आले नाही. मोबाइल दाखवत भरवलेल्या घासाबरोबरचा चिऊ-काऊचा संवाद मात्र हरवतो.

बोलावे ते आपल्याला सहज येणाऱ्या भाषेत. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, वारली, घरात असेल ती. ‘ॲपल खा, मिल्क पी’ अशी चार नामे उसनी घेतल्याने इंग्रजी येत नाही, आणि आजीचे पोटभर बोलणे मात्र आखडते. दोन भाषा ऐकल्याने मुलाचा गोंधळ होतो हाही गैरसमजच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला वारली पाड्यांतल्या अंगणात बालवाडी नेली. तिथे बिया, पाने, शिंपले हीच साधने होती. मुलाच्या हाताशी असलेल्या वस्तूंबद्दल बोलायला साधने विकत आणावी लागत नाहीत, हे त्यांनी करून दाखवले.

वर्षभरात बाळ बा-बा, दा-दा असे बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत ‘दुदू दे’सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल तर आधी कानांची तपासणी करावी. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता’ या दिलाशात मोलाचे महिने जातात. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी होते आणि त्यात ऐकणे व बोलणे दोन्ही पाहतात. तपासणी चालू असतानाही घरातले बोलणे थांबवू नये.