सोळाव्या वर्षी मत द्यायला मेंदू तयार असतो का?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मतदानाचा हक्क द्यावा म्हटलं की लगेच ऐकायला मिळतं, त्यांना कुठे अक्कल, मेंदूच अजून कच्चा. आता मेंदूचा कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो हे खरंच आहे, पण मग त्या हिशोबाने अठराव्याला पण मत देता कामा नये. आपल्याकडे 1989 पर्यंत वय 21च होतं, म्हणजे 1967च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा हे ठरलं तेव्हा वीस वर्षांच्या कॉलेजातल्या पोरांना मतच नव्हतं!

संशोधक विचाराचे दोन प्रकार करतात, थंड डोक्याचा, म्हणजे शांतपणे एकट्याने केलेला, आणि तापलेल्या डोक्याचा, म्हणजे भावनेच्या भरात किंवा मित्रांसमोर केलेला. 2019 साली 11 देशांतल्या 10 ते 30 वयाच्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की लक्षात ठेवणं, तर्क लावणं यात मुलं सोळाच्या आसपास मोठ्यांच्या बरोबरीला येतात, स्वतःवर ताबा मात्र अठरानंतरही पिकत राहतो. दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना स्क्रीनवर गाडी चालवायला दिली, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते त्यांनी ठरवायचं. एकटी असताना ती ठीक चालवायची, पण शेजारच्या खोलीतून मित्र बघतायत एवढं कळलं की जास्त धोका घ्यायला लागली आणि मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त चेतायला लागला. मोठ्यांवर मित्रांचा असा परिणाम दिसला नाही. म्हापशाच्या रस्त्यावर ट्रिपल सीट सुसाट जाणारी पोरं बघितलीत तर हे पटेल.

आता मत कसं देतो बघा. 48 तास आधी प्रचार बंद, आडोशामागे आपण एकटेच, मित्र बाहेर, बटण दाबलं की व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. म्हणजे हे काम थंड डोक्याचंच. आधीच्या बाईक रॅल्या आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड डोकं तापवतात हे मान्य, पण ते मोठ्यांचं पण तापवतातच की.

ऑस्ट्रियाने 2007 मध्ये वय 16 केलं. 2009च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीवेळी तिथे तपासलं तर या मुलांची निवड त्यांच्या स्वतःच्या मतांशी जुळण्यात मोठ्यांपेक्षा कमी पडली नाही.

मला विचाराल तर आपण पंचायतीपासून सुरुवात करावी, कारण डोंगरकापणी, कचरा, नळाचं पाणी हे सगळं हायर सेकंडरीतली मुलं रोज बघतात आणि घरच्यांइतकंच त्यांना कळतं. शिवाय पंचायत पाच वर्षांची, म्हणजे निवडणुकीनंतर महिन्याभरात जो अठराचा होतो त्याला वेळेवर झाली तरी पुढची निवडणूक जवळपास तेविसाव्या वर्षी मिळते, तोवर गावातला डोंगर कापून सपाट झालेला असतो. आणि घरात सतरा पूर्ण झालेलं कोणी असेल तर मतदार यादीत नावासाठी आगाऊ अर्ज आताच करून ठेवा, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यातल्या ज्या 1 तारखेला अठरा पूर्ण असतील त्या तारखेप्रमाणे नाव लागतं.