ओ'कॉनेल आणि डब्लिनचं महापौरपद

१ नोव्हेंबर १८४१ रोजी आयर्लंडमधल्या कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओ'कॉनेल डब्लिनचे लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, झाले. दुसऱ्या जेम्स राजाच्या काळानंतर, म्हणजे दीडशे वर्षांनी, त्या खुर्चीत कॅथलिक माणूस बसत होता.

१७९३ च्या कायद्यानं कॅथलिकांना शहराचे 'फ्रीमन', म्हणजे महापालिकेत हक्क असलेले नागरिक, व्हायची मुभा दिली होती. पण कोणाला फ्रीमन करून घ्यायचं हे महापालिकाच ठरवी आणि डब्लिनच्या प्रोटेस्टंट महापालिकेनं कॅथलिकांना दारातच अडवलं. मुभा कागदावर राहिली. १८१५ च्या जानेवारीत ओ'कॉनेलनी या महापालिकेला जाहीरपणे भिकारडी म्हटलं. तिचे सदस्य जॉन डी'एस्टेर यांनी त्यावरून द्वंद्वाचं आव्हान दिलं. १ फेब्रुवारीला किल्डेअर परगण्यात ओ'कॉनेलची गोळी त्यांना लागली आणि दोन दिवसांनी ते वारले. ओ'कॉनेलना हे जन्मभर सलत राहिलं.

कोंडी फुटली ती १८४० च्या आयर्लंड महापालिका कायद्यानं. त्यानं ५८ जुन्या महापालिका मोडीत काढल्या आणि फक्त १० ठेवल्या. तिथं लोकनियुक्त सभा आली, पण मताचा हक्क वर्षाला किमान १० पौंड मोलाच्या घरा-दुकानांच्या ताबेदारांनाच मिळाला. इंग्लंड-वेल्ससाठीच्या १८३५ च्या कायद्यात अशी पौंडांची अट नव्हती. हा दुजाभाव उघड होता आणि तो मुद्दाम ठेवला होता. तरीही १८४१ च्या ऑक्टोबरात डब्लिनच्या ६० पैकी ४७ जागा सुधारणावाद्यांनी जिंकल्या.

पद मिळालं, पण त्यात दम किती? शहराचे पोलीस १८३६ पासूनच सरकारच्या ताब्यात होते. शेरीफ नेमायचा अधिकार आयर्लंडच्या व्हाइसरॉयकडे होता. रस्त्यांचं काम वेगळ्या मंडळाकडे होतं. शिवाय १८२९ चा कॅथलिकांवरची बंधनं उठवणारा मुक्ती कायदा, जो ओ'कॉनेलच्याच लढ्याचं फळ, त्यातलंच एक कलम आडवं येई: महापौर अधिकाराचा झगा घालून कॅथलिक प्रार्थनेला गेला, तर पद जाणार आणि वर १०० पौंड दंड. म्हणजे मिस्सेला जायचं तर झगा बाहेर उतरवूनच.

महापौर असताना राजकारण बाजूला ठेवायचा शब्द त्यांनी दिला होता. त्यामुळे ब्रिटनशी झालेला एकीकरणाचा कायदा रद्द करण्याची चळवळ वर्षभर मंदावली. त्यांच्यानंतर जॉर्ज रो हे प्रोटेस्टंट गृहस्थ महापौर झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८४३ च्या मार्चमध्ये, ओ'कॉनेलनी मांडलेला रद्दीकरणाचा ठराव सभेनं ४१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला.