व्हॅनचं डिझेल नक्की कुठे जातं?

कंपनीच्या कागदावर ॲव्हरेजचा, म्हणजे लिटरला किती किलोमीटर याचा, एक आकडा असतो, रस्त्यावर दुसराच निघतो, आणि मग संशय थेट इंजिनवर जातो. इंजेक्टर साफ करून घ्या, फिल्टर बदला, पंप बदलून बघा. बऱ्याचदा इंजिन एकदम ठणठणीत असतं आणि डिझेल भलतीकडेच जात असतं, आणि ते कुठे जातं हे शाळेतल्या फिजिक्सवर अगदी कागद-पेन घेऊन काढता येतं. माझ्या मते प्रत्येक व्हॅनवाल्याने हा हिशोब एकदा तरी करून बघायलाच हवा.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाजूल ऊर्जा असते. चांगलं डिझेल इंजिन अगदी सोयीच्या लोडवर असताना 40 टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं, पण रोजच्या चालवण्यात गिअरबॉक्स वगैरे धरून एक तृतीयांश चाकापर्यंत पोचली असं समजू. म्हणजे लिटरमागे 12 मेगाजूल, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता बनून गेली.

आता माल धरून अडीच टनाची, उंच छताची व्हॅन घ्या. टायर रस्त्यावर लोळवायलाच साधारण 250 न्यूटन जोर लागतो, तो वजनावर ठरतो, स्पीडने फारसा बदलत नाही. हवेचं तसं नाही. अशा व्हॅनचं तोंड साधारण साडेचार चौरस मीटरचं असतं, कारच्या जवळपास दुप्पट, आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. 80 च्या स्पीडला हवा 470 न्यूटनने मागे रेटते, 100 ला 730 आणि 120 ला तब्बल 1050. टायरचे 250 मिळवा, 720, 980 आणि 1300 झाले. 720 न्यूटन जोराने एक किलोमीटर ढकललं की 0.72 मेगाजूल खर्च होतात, 12 ला त्याने भागलं की लिटरला साडेसोळा किलोमीटर येतात, तसंच 100 ला बारा आणि 120 ला जेमतेम सव्वानऊ. गाडी तीच, डिझेल तेच, ड्रायव्हरही तोच! जास्त लोडवर इंजिन थोडं बरं चालतं त्यामुळे प्रत्यक्षात फरक जरा कमी दिसतो, पण दिशा हीच. आणि हे वेळेशी लावून बघा, 100 किलोमीटरच्या प्रवासात 100 ऐवजी 120 ने गेलात तर दहा मिनिटं वाचतात आणि अडीच लिटरच्या वर डिझेल जास्त जातं.

वाऱ्याचा तर कोणी विचारच करत नाही. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही 100 ने चाललात तर हवेच्या दृष्टीने तुम्ही 120 ने चाललाय, म्हणजे ॲव्हरेज पुन्हा सव्वानऊवर. छतावरचं रिकामं कॅरिअर आणि शिडीसुद्धा याच खात्यात मोडतात, माल उतरला तरी ते हवेशी झगडतच राहतात.

शहरात मात्र सगळं गणित उलटं होतं, तिथे हवा मागे पडते आणि वजन पुढे येतं. अडीच टन वजन थांबलेल्या अवस्थेतून 50 च्या स्पीडला न्यायला सुमारे 0.24 मेगाजूल लागतात, म्हणजे 20 मिली डिझेल, आणि ब्रेक मारला की ते सगळं ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन संपलं. 20 मिली ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण पार्सल वाटणारी व्हॅन धरा, दिवसाला 60 किलोमीटर आणि 120 थांबे. नुसते थांबे 2.4 लिटर खातात, आणि 40 च्या स्पीडने न थांबता ते 60 किलोमीटर चालवायला लागले असते दोन लिटरपेक्षाही कमी! वर एक टन माल जास्त भरला तर प्रत्येक थांबा 20 चा 28 मिली होतो. शिवाय उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं, ते वेगळंच.

म्हणून लांबून सिग्नल लाल दिसला की पाय काढून गाडी गिअरमध्येच येऊ द्यावी. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं डिझेल पूर्ण बंद करतात, न्यूट्रल केलं तर आयडलिंगचं डिझेल जळत राहतं. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा समज अजूनही पक्का बसलाय, तो सोडायला हवा, त्यात ब्रेकवर ताण येतो तो निराळाच.

छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये आणखी एक छुपा खर्च असतो. धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर भरला की ती काजळी जाळायला जादा डिझेल देऊन त्याचं तापमान 600 डिग्रीच्या आसपास न्यावं लागतं. हायवेवर हे काम गुपचूप उरकतं, पण मधेच इंजिन बंद झालं तर केलेलं तापवणं वाया जातं आणि पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून. त्यात इंजिन थंड असेल तर ऑइल घट्ट, घर्षण जास्त.

मग कंपनीचा आकडा खोटा असतो का? नाही, तो टेस्टचा असतो. युरोपात 2017 पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी टेस्टमध्ये गाडी लॅबमधल्या रोलरवर अर्धा तास चालते, अंतर साधारण 23 किलोमीटर, थांबे धरून सरासरी स्पीड 46 च्या आसपास. व्हॅनसाठी माल नेण्याच्या क्षमतेच्या 28 टक्के वजन धरलं जातं, गच्च भरलेली गाडी नाही, आणि तुम्ही नंतर बसवलेलं कॅरिअर तिथे नसतं. 2021 मध्ये नोंदणी झालेल्या कारमधल्या मीटरचा डेटा युरोपियन कमिशनने जमवला तेव्हा पेट्रोल-डिझेल कारचा खरा वापर टेस्टपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त निघाला. कारमध्ये निदान वजन फारसं बदलत नाही, व्हॅनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी टनाचा फरक असू शकतो.

स्वतः मोजायचं तर टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हीच पद्धत, डॅशबोर्डवरचा आकडा बरेचदा जरा चांगलाच दाखवतो. नोझल कधी लवकर कट होतं कधी उशिरा, त्यामुळे एका टाकीवरून काही ठरवू नका, चार-पाच टाक्यांचं एकूण डिझेल आणि एकूण किलोमीटर घ्या. आणि ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका! 100 किलोमीटर 8 च्या ॲव्हरेजने आणि 100 किलोमीटर 16 च्या ॲव्हरेजने गेलात तर उत्तर 12 येत नाही, साडेबारा आणि सव्वासहा मिळून पावणेएकोणीस लिटर लागले, म्हणजे 10.7. त्यापेक्षा 100 किलोमीटरला किती लिटर असा हिशोब ठेवला की सरळ बेरीज करता येते.

एवढं करून रूट तोच, माल तोच, स्पीड तीच आणि तरी आकडा टाक्यांमागून टाक्या घसरत असेल, तर मात्र गाडीकडे बघायची वेळ आली. आधी टायरची हवा, मग एखादं चाक हाताला जास्त गरम लागतंय का, म्हणजे ब्रेक धरून राहतोय का, आणि मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, कारण तो उघडा अडकला की इंजिन दिवसभर थंडच चालतं. इंजेक्टरचा नंबर त्यानंतर.