कायरोप्रॅक्टर : उच्चस्तरीय क्रीडा वैद्यकीय पथकातील भूमिका

पाठीचा कणा, कंबर आणि हातापायांचे सांधे यांच्या हालचालीतील दोष तपासून त्यांवर मुख्यतः हातांनी उपचार करणाऱ्या व्यावसायिकास कायरोप्रॅक्टर म्हणतात. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट येथे या पद्धतीचा पाया घातला. मणका किंचित सरकला की मज्जातंतूंचे कार्य अडते आणि त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, हे पामर यांचे मूळ प्रतिपादन विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेले नाही. क्रीडापथकातील कायरोप्रॅक्टरची उपयुक्तता मात्र त्या प्रतिपादनावर अवलंबून नाही. ती वेदना कमी करणे आणि आखडलेल्या सांध्याची हालचाल सुधारणे एवढ्या मर्यादित, पण खेळाडूच्या दृष्टीने मोलाच्या कामावर उभी आहे.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कायरोप्रॅक्टर लेरॉय पेरी हे अँटिग्वाच्या संघासोबत होते, तर १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांचा अमेरिकी वैद्यकीय पथकात समावेश झाला. क्रीडा-कायरोप्रॅक्टिकचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९८७ मध्ये स्थापन झाला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या सामायिक रुग्णालयात ही सेवा उपलब्ध होती. धावपटूंच्या खांद्या-गुडघ्यांवर दिसणारी रंगीत लवचीक पट्टीही केंझो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरचीच निर्मिती. तिच्या लोकप्रियतेच्या मानाने तिच्या परिणामाचा पुरावा तोकडा आहे.

या उपचारातील सर्वांत परिचित क्रिया म्हणजे सांध्याला दिलेला जलद, पण कमी अंतराचा झटका. त्या वेळी येणारा ‘कट्ट’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून, सांध्यातील द्रवात अचानक वायूची पोकळी निर्माण होण्याशी संबंधित असतो. २०१५ मध्ये एमआरआय चित्रणातून ही घटना प्रत्यक्ष टिपली गेली. झटक्याखेरीज स्नायूंवरील दाब, ताण देण्याचे प्रकार, पट्टी बांधणे आणि व्यायामाचे मार्गदर्शन हेही कायरोप्रॅक्टरच्या कामात येते. कंबरदुखीवर या उपचाराचा माफक फायदा होतो, असे अभ्यास सांगतात. अमेरिकी सैनिकांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या वैद्यकीय उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्या गटाची कंबरदुखी अधिक कमी झाली. या उपचारामुळे वेग, ताकद किंवा उडी वाढते, या दाव्याला मात्र भक्कम आधार नाही, आणि सामन्यापूर्वी हे उपचार आवर्जून करून घेणाऱ्या खेळाडूंच्या समाधानात मानसिक आश्वासनाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

पथकात असण्याचा खरा अर्थ निदानाच्या टप्प्यावर कळतो. नागपूरच्या दृष्टीने वेगवान गोलंदाजाचे उदाहरण बोलके आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला; या स्तरावर दीर्घ हंगाम खेळणाऱ्या, विशेषतः तरुण गोलंदाजाच्या कमरेच्या खालच्या मणक्यांना ताणामुळे सूक्ष्म भंग होण्याचा धोका असतो आणि हा भंग बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस आढळतो. वरवर पाहता ही दुखणी साधी उसण भरल्यासारखीच वाटतात. अशा मणक्यावर झटक्याचा उपचार करणे अयोग्य, आणि तात्पुरता आराम मिळून एमआरआय लांबणीवर पडणे त्याहून घातक. कारण भंग भरून येण्यास काही महिन्यांची विश्रांती लागते. म्हणून आधी क्रीडावैद्यक तज्ज्ञाचे निदान, मग फिजिओथेरपिस्टचा पुनर्वसन-आराखडा, आणि त्यात कायरोप्रॅक्टरला नेमून दिलेले काम, हा क्रम पाळला जातो. खेळाडूने मैदानात केव्हा परतावे, हा निर्णय कायरोप्रॅक्टरने एकट्याने घ्यायचा नसतो.

मानेच्या उपचारात विशेष सावधगिरी लागते. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतील थर फाटून पक्षाघात झाल्याच्या विरळ, पण गंभीर घटना नोंदवल्या गेल्या आहेत. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये हौसेने मोडून घेतली जाणारी मान आणि प्रशिक्षित व्यक्तीचा उपचार यांत गल्लत करू नये, हे नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरील खेळाडूला जितके लागू, तितकेच नागपुरातील मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सराव करणाऱ्या शाळकरी धावपटूलाही.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने या व्यवसायाची नोंदणी बंधनकारक झाली. भारतात फिजिओथेरपीचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक कायद्यात आहे, तर कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परिणामी येथील संघांचे दैनंदिन काम फिजिओ, शारीरिक क्षमता प्रशिक्षक आणि मालिश करणारा यांच्यावरच चालते, व कायरोप्रॅक्टरकडे खेळाडू बहुधा स्वखर्चाने, संघाबाहेर जातात. अशा वेळी त्याची पदवी कोणत्या संस्थेची आहे हे पाहणे, झालेल्या उपचाराची नोंद संघाच्या डॉक्टरकडे पोहोचवणे आणि कायरोप्रॅक्टरने सुचवलेली पूरक औषधे उत्तेजकविरोधी नियमांनुसार तपासून घेणे आवश्यक ठरते. कारण निषिद्ध द्रव्य शरीरात आढळल्यास, सल्ला कोणाचाही असला तरी, जबाबदारी खेळाडूवरच येते.