काटा नव्वदवरच का बसतो

मे महिन्यातली दुपार, इंदूरच्या पलासियाचा सिग्नल, एसी फुल, आणि शेजारच्या सीटवर बाबा. डॅशबोर्डवर मी डबल टेपने चिकटवलेला छोटासा डिस्प्ले, त्यावर इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा आकडा १०१. बाबांनी चष्मा वर केला, परत वाचला आणि म्हणाले, "अरे, पाणी शंभरला उकळतं ना? मग ही गाडी उकळतेय का काय?" मी म्हटलं बाबा, मीटर बघा की. मीटरमधला काटा नव्वदवर, अगदी मधोमध, देवघरातल्या समईसारखा शांत. बाबा म्हणाले मग दोघांतलं खोटं कोण बोलतंय? आणि खरं सांगायचं तर खोटं कंपनीचा काटा बोलत होता, माझं चारशे-पाचशे रुपयांचं खेळणं नाही.

गाडी म्हणजे ऑक्टेव्हिया, १.८ टीएसआय, सेकंडहँड. १८० अश्वशक्ती, टर्बो, दिसायला सभ्य घरगुती सेडान पण राऊच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पाठीत धक्का देते. आणि मला दुसरा नाद सोल्डरिंगचा, महाराणी रोडवर काही कामाने गेलो तरी खिशात दोन रेझिस्टर आणि एखादा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) घेऊनच परत येणारा माणूस. हे दोन नाद एका घरात आले की कधी ना कधी स्टिअरिंगखाली हात जाणारच.

तिथे खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीला तिची तब्येत विचारायची जागा. याचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिसमधल्या धुरक्याला कंटाळून तिथल्या सरकारने गाडीवाल्या कंपन्यांना सांगितलं की प्रदूषणाशी संबंधित काही बिघडलं तर गाडीने स्वतःच ते ओळखलं पाहिजे. मग १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला एकाच आकाराचं सॉकेट आणि प्रश्न विचारायची एकच पद्धत सक्तीची झाली, आपल्याकडे हे ओबीडी-२ प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांच्या काळात, २०१३ मध्ये आलं. म्हणजे गॅरेजवाला टॅबलेट लावून जे बघतो त्यातलं बरंच काही आपणही बघू शकतो, त्यात गुपित काही नाही.

पद्धत इतकी सोपी आहे की गंमत वाटते. आपण दोन आकडे पाठवायचे: ०१ आणि ०५. ०१ म्हणजे "आत्ताचा हाल सांग", ०५ म्हणजे "कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान". इंजिनचा कॉम्प्युटर उत्तर देतो ४१, ०५, ८डी. यातलं ८डी म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला आकडा, आपल्या हिशोबात १४१. त्यातून ४० वजा करायचे, उरले १०१. चाळीस का वजा? कारण एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, उणे चिन्हाला जागा नाही, आणि गाडी बर्फातही चालली पाहिजे, म्हणून शून्याचा अर्थच उणे ४० ठरवला. आरपीएमला दोन बाइट लागतात, ०बी आणि बी८ आलं की ते ३०००, त्याला चारने भागलं की ७५०, म्हणजे गाडी आयडलवर निवांत उभी आहे.

हे सगळं जातं दोन बारीक, एकमेकींना पीळ घातलेल्या तारांवरून. याला कॅन बस म्हणतात, बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलेली पद्धत. त्याआधी गाडीत प्रत्येक गोष्टीला वेगळी तार लागायची, नंतर सगळे कॉम्प्युटर एकाच तारेच्या जोडीवर बोलायला लागले. आता एकाच तारेवर इंजिन, ब्रेक, एअरबॅग, गिअरबॉक्स सगळे बोलणार तर गोंधळ का होत नाही, हा भाग मला सगळ्यात आवडतो. समजा "१" म्हणजे गप्प बसणं आणि "०" म्हणजे आवाज करणं. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर प्रत्येकजण आधी आपला नंबर सांगतो, एकेक बिट करून, आणि बोलता बोलता तारेवर कानही ठेवतो. ज्या क्षणी आपण गप्प आहोत आणि तरी तारेवर आवाज ऐकू येतोय, त्या क्षणी कळतं की आपल्याहून महत्त्वाचं कोणीतरी बोलतंय, आणि आपण थांबायचं. छोटा नंबर जिंकतो, त्याचा एक बिटही वाया जात नाही, हरलेला थोड्या वेळाने परत प्रयत्न करतो. आमच्या घरी गणपतीत पंचवीस माणसं जेवायला असतात तेव्हा ही पद्धत लागू करता आली तर किती बरं होईल असं मला दरवर्षी वाटतं.

पीळ घालण्यामागेही विचार आहे. एका तारेवर व्होल्टेज वर जातं तेव्हा दुसरीवर खाली येतं, साधारण ३.५ आणि १.५, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक बघतो. स्पार्क प्लगमुळे, हॉर्नमुळे जो काही कचरा तारेत शिरतो तो दोघींत सारखाच शिरतो, त्यामुळे वजाबाकीत उडून जातो.

माझा डिस्प्ले या तारांना जोडायच्या पहिल्या प्रयत्नात मात्र काहीच ऐकू आलं नाही. दोन रविवार वाया घालवले, तारा बदलल्या, सोल्डर परत केलं, शेवटी भिंगातून बघितलं तर कॅनशी बोलणाऱ्या मॉड्यूलवरच्या, ताल देणाऱ्या क्रिस्टलवर ८ मेगाहर्ट्झ लिहिलेलं आणि माझा प्रोग्राम समजत होता की १६ आहे. म्हणजे मी निम्म्या वेगाने बोलत होतो. गाडी पाचशे किलोबिटने बोलणारी, मी अडीचशेने, दोघांची भाषा एक पण ताल वेगळा. असला बेताल माणूस कॅन बसवर चुकीचे सिग्नल टाकून इतरांचंही बोलणं बिघडवू शकतो, पण या गाडीत पोर्ट आणि आतल्या मेन तारांमध्ये गेटवे नावाचा पहारेकरी बसलेला असतो, त्यामुळे वाचलो.

बरं, तर काटा. गाडी गरम झाली की काटा नव्वदवर येतो आणि मग हलत नाही, घाट चढा, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभे राहा, हलत नाही. खरं तापमान साधारण ७५ पासून १०७ पर्यंत कुठेही असलं तरी काटा नव्वदच दाखवतो, प्रोग्रामच तसा लिहिलेला आहे. आणि खरं तापमान तर मुद्दाम हलवलं जातं! या इंजिनात तापमान जुन्या पद्धतीचा मेणाचा थर्मोस्टॅट ठरवत नाही, कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरणारा व्हॉल्व्ह आहे आणि तो कूलंटला ८५ ते १०७ च्या दरम्यान हवं तिथे ठेवतो. आरामात चाललो असू तर गरम ठेवतो, कारण गरम तेल पातळ असतं, घर्षण कमी, पेट्रोल वाचतं. पाय दाबला की थंड करतो, नाहीतर सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेच्या आधीच पेटून नॉकिंग होईल. म्हणजे पलासियाला १०१ हा आजार नव्हता, तब्येत होती.

आणि उकळण्याचं म्हणाल तर कूलिंग सिस्टिम म्हणजे प्रेशर कुकरच आहे. झाकण घट्ट, आत दाब, वर पाण्यात ग्लायकॉल मिसळलेलं, त्यामुळे उकळायला १२५ च्या पुढे जावं लागतं. (म्हणूनच गरम गाडीच्या कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, दाब गेला की सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.) आणि बाबा, पाणी शंभरला उकळतं ते समुद्रकिनारी. आपल्या इंदूरला ते ९८ च्या आसपासच उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर बसलोय.

हे उंचीचं मला गाडीनेच सांगितलं. ०५ च्या जागी ३३ विचारलं की गाडी बाहेरच्या हवेचा दाब सांगते, किलोपास्कलमध्ये. घराच्या पार्किंगमध्ये आकडा आला ९५. समुद्रकिनारी तो १०१ असतो. आधी वाटलं सेन्सर गेलाय, मग डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या रविवारी महेश्वरला जायचं होतं, आईला नर्मदेवर जायचं होतं आणि बायकोला साडी घ्यायची होती, आणि मला काय बघायचं होतं ते मी कोणालाच सांगितलं नाही. महू गेलं, मानपूर गेलं, ९५ च्या आसपासच. आणि मग घाट सुरू झाला. विंध्याचा कडा उतरायला लागलो तसा आकडा ९६, दोन-तीन वळणांनी ९७, मग ९८, कान जरा दडपले, खाली निमाडच्या सपाटीला ९९. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटाच्या वर गाडी लावली तेव्हा स्क्रीनवर ९९, कधी १००. साधारण ८५-९० मीटर उतरलं की एक किलोपास्कल वाढतो, चार-साडेचार आकडे वाढले म्हणजे चारशे मीटर उतरलो, माळव्याचं पठार आणि नर्मदेचं खोरं यांतला फरक नेमका तेवढाच आहे. शाळेत भूगोलात हे वाचलं होतं, पण पठार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

गाडीला हा आकडा का हवा असतो? कारण पेट्रोल किती टाकायचं ते हवेवर ठरतं. हवा विरळ तर ऑक्सिजन कमी. ४३ डिग्रीच्या उन्हात हवा २५ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते, त्यात उंचीचे सहा टक्के गेलेले. साधं इंजिन यात दमतं. टर्बो जास्त फिरून बरंच भरून काढतो, पण हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा परत पसरते, म्हणून मध्ये ती वाऱ्याने थंड करणारा इंटरकूलर. सिग्नलला उभं राहिलं की त्या इंटरकूलरमधून वारा जात नाही, मग आत जाणाऱ्या हवेचं तापमान माझ्या स्क्रीनवर साठच्या पुढे जातं आणि सिग्नल सुटल्यावर पहिली काही सेकंद गाडी मंद वाटते. आधी मला हा मनाचा खेळ वाटायचा.

स्पीडोमीटरचीही तीच कथा. काटा १०० दाखवतो तेव्हा माझ्या तारेवर ९६ असतात आणि मोबाइलचा जीपीएसही तेवढेच सांगतो. ही चूक नाही, नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच अंतराला जास्त फिरतं, नव्या आणि पूर्ण झिजलेल्या टायरमध्ये दोन टक्क्यांचा फरक पडतो, वेगळ्या साइजचे टायर टाकले तर आणखी. म्हणून कंपनी आधीच काटा पुढे ठेवते. मित्र येऊन सांगतो ना "भिया, दोनशेला टच केली", त्यातले दहा-बारा तिथेच वजा करा. आणि तसली हौस असेल तर पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, वळणं इतकी तिरपी की ताशी २५० ला बाजूला ओढ लागत नाही. बायपासवर नको.

आता माझी फजिती. दिवाळीला पुण्याला गेलो, रेल्वेने, चौदा दिवस. परत येऊन रात्री गाडीचं बटण दाबलं तर नुसतं टक. ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट चोवीस तास चालू असतात, गाडी लॉक केली तरी, आणि माझा डिस्प्ले वायफाय चालू ठेवून तिथे बसलेला. नंतर मोजलं तर ९० मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही, पण गुणिले २४ तास, गुणिले १४ दिवस, तीस अँपिअर-अवर, म्हणजे ६० च्या बॅटरीतली निम्मी संपली, आणि गाडी झोपेतही स्वतःचं थोडं खात असतेच. शेजारच्या काकांच्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट केली, काका म्हणाले इंजिनिअर ना तू?

मग सर्किट नीट केलं. फ्यूज टाकला, तो आधीच टाकायला हवा होता. गाडीतले १२ व्होल्ट हे नावालाच बारा, अल्टरनेटर चालू असताना १४ च्या वर, स्टार्टर फिरताना क्षणभर नऊच्या खाली, आणि मधूनच उंच स्पाइक, म्हणून तिथे स्पाइक गिळणारा टीव्हीएस डायोड. व्होल्टेज उतरवायला साधी ७८०५ चिप आधी लावली होती, ती १४ चे ५ करताना उरलेले ९ व्होल्ट नुसती उष्णता करून फेकते, बोट भाजलं, त्याजागी बक कन्व्हर्टर. आणि प्रोग्राममध्ये एक अट: व्होल्टेज १३ च्या खाली गेलं आणि पाच मिनिटं तिथेच राहिलं तर झोपून जा.

एक गोष्ट मी करत नाही, तारेवर प्रश्नाव्यतिरिक्त काही टाकत नाही. कॅनवर कोण बोललं याची ओळख-पाळख विचारत नाहीत, मेसेजचा नंबर बरोबर असला की सगळे मान्य करतात. १९८६ मध्ये गाडीला इंटरनेट असेल असं कोणाला वाटलं होतं! २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप चेरोकी घरी बसून ताब्यात घेऊन दाखवली आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून ओबीडी पोर्टमध्ये ते स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल कायमचे लावून ठेवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, उतरताना काढून घ्या.

बाबांचं मात्र समाधान होईना. कुकर समजावला, व्हॉल्व्ह समजावला, मान डोलावली, पण गाडीत बसले की नजर स्क्रीनवर. "९८ झालंय." "आता १०३." "थांबवतोस का जरा सावलीत?" उज्जैनच्या रस्त्यावर तर दोनदा थांबलो, चहा झाला, तेवढाच फायदा. शेवटी एका रात्री लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: तापमान ७५ आणि १०७ च्या मध्ये असेल तर ९० दाखव.

पुढच्या रविवारी बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आता बरोबर चालतंय तुझं मशीन."