चुलीपासून चिमणीपर्यंत: धुराची वाट

खेड्यात वीज नव्हती तेव्हा 'चिमणी' म्हणजे रॉकेलचा तो टिनाचा छोटा दिवा. रात्रभर जळला की सकाळी नाकपुड्या काळ्या. आज त्याच शब्दाचा अर्थ स्वयंपाकघरातला धूर आणि वाफ बाहेर फेकणारं विजेचं यंत्र असा झालाय. त्या दोन चिमण्यांच्या मधल्या काळात आपल्या स्वयंपाकघरातला धूर कुठून कुठे गेला, हे पाहिलं की आजच्या चिमणीच्या बसवाबसवीतल्या चुका नवीन नाहीत, हे कळतं.

जुन्या घरांत धुराला ठरवून दिलेली वाट क्वचितच असे. वाड्यात चुलीच्या वर धुराडं असलं तर असलं. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतूनच पाझरायचा. तो अगदीच नकोसा होता असंही नाही. धुरानं वासे काळे पडत, पण त्यांना कीड कमी लागे. चुलीवर टांगलेलं बियाणंही टिके. किंमत मोजायची ती फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या बाईनं.

ती किंमत किती, हे वैद्यकशास्त्राला उशिराच दिसलं. दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुप्फुसांच्या आजारातून बळावणाऱ्या हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमध्येही हा आजार दिसत होता आणि संशयाची सुई स्वयंपाकाच्या धुराकडे वळली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी उपकरणं लावून धूर मोजला.

उपाय मात्र मोजमापाच्या आधीच सुरू झाला होता, आणि तो वर्ध्यात. गांधीजींच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं तिथल्या मगनवाडीत होतं. मगनलाल गांधींच्या नावाची ही जागा. इथून १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' बाहेर पडली: मातीची, धुरासाठी पाइप असलेली. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी लाखो घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना पुस्तिकेतून मांडली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. दोन दशकांत देशभर ३ कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेनं या विषयात बरंच काम केलं.

तरीही यातल्या पुष्कळ चुली काही वर्षांतच अडगळीत गेल्या. कुठे चुलीचं तोंड घरातल्या भांड्यांना बसेना, कुठे माती तडकली. सगळ्यात साधं कारण पाइपाचं होतं. काजळीनं तो आतून चोंदायचा, साफ कोणी करायचा हे कोणी सांगितलेलं नसायचं, आणि मग धूर पुन्हा घरात. चूल सरकारी आकड्यात निर्धूर आणि स्वयंपाकघर पहिल्यासारखंच. हा पाइप लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

शहरात गोष्ट वेगळी वळली. १९५५ मध्ये बर्मा शेलनं मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. 'बर्शेन' हे नाव जुन्या मुंबईकरांना अजून आठवतं. कोळशाची शेगडी आणि घासलेटचा स्टोव्ह हळूहळू मागे पडला. गॅसला धूर नाही, मग धुराची वाट कशाला, असं घर बांधणाऱ्यांनीही धरून चाललेलं दिसतं. स्वयंपाकघरं आक्रसली. ओटा आला आणि फोडणीची वाफ थेट तोंडावर यायला लागली. फार तर खिडकीच्या वर एक एक्झॉस्ट फॅन, त्याच्या पात्यांवर बोटभर चिकटा. पण निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि कडकडीत तेलातल्या तळणाचा धूर माणसाला बहुधा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे.

विजेच्या चिमणीचा धागा इटलीतल्या फाब्रियानो या गावाशी जाऊन मिळतो. शतकानुशतकं कागदासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९५५ मध्ये फेबर आणि १९७० मध्ये एलिका या आज चिमण्या बनवणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या. गंमत अशी, की दोघींनीही भारतात बस्तान बसवलं ते पुण्यात, स्थानिक भागीदारांसोबत. खोबऱ्याच्या वाटणाला आणि मिरचीच्या ठसक्याला जाळीचा फिल्टर पुरेना, म्हणून पन्हाळीसारख्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर आणि मग फिल्टरशिवायची 'ऑटोक्लीन' चिमणी इथे रुळली.

आणि पाइप? ऑटोक्लीनमधलं हीटर पंख्याच्या भोवतीचं तेल वितळवून वाटीत आणतं. भिंतीमागचा पाइप त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे साचलेलं तेल पेट घेऊ शकतं. त्यात बसवणारा माणूस पुष्कळदा सहा इंची तोंडाला चार इंची पीव्हीसी पाइप जोडून मोकळा होतो. आमच्याकडे असंच झालं होतं. चिमणी विमानासारखी आवाज करायची आणि वाफ खालीच घुटमळायची. सहाचे चार इंच केले की वाट निम्म्याहून अरुंद होते. शिवाय पीव्हीसी उष्णतेनं मऊ पडतं, पेटलं तर विषारी वायू सोडतं. धातूचा पाइप, शक्य तितका आखूड, वळणं एखाददुसरं, आणि त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत नको, उघड्या हवेत. चिमणीची उंची शेगडीपासून बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंटिमीटर सांगतात: खाली आणली तर ज्योतीची धग लागते, वर नेली तर वाफ निसटते. पाइप न लावता कोळशाच्या फिल्टरवर चालणारी चिमणी वास थोडा शोषते, बाकी सगळं पुन्हा तुमच्याच खोलीत सोडते.

दुसरी विसरलेली वाट हवेच्या येण्याची. ताशी १००० घनमीटर ओढणारी चिमणी, आणि ८ बाय ८ फुटांचं, ९ फूट उंच स्वयंपाकघर म्हणजे जेमतेम १६ घनमीटर हवा. कागदावर तरी ती मिनिटाला संपते. एसीसाठी घर बंद असेल तर बाहेरची हवा मिळेल त्या भोकातून आत ओढली जाते. गॅस गिझर चालू असेल, तर त्याचा बाहेर जाणारा धूरही मागे फिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कौलांच्या फटी असलेल्या घरात हा प्रश्नच नव्हता. चिमणी चालू असताना खिडकी बोटभर उघडी हवी ती म्हणूनच.

गॅसचा वास आला की चिमणी लावून तो 'ओढून काढायचा', असा एक समज आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. वरची चिमणी त्याला गाठत नाही, तिच्या बटनाची ठिणगी मात्र गाठू शकते. कुठल्याच बटनाला हात न लावता आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या सताड उघडी, आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, १९०६ ला, फोन. पाइपचा गॅस हलका असल्यानं छताकडे जातो, पण बटनाची गोष्ट त्यालाही तीच लागू.